दोन नोव्हेंबरचे दोन पेपर

१ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, बेळगावात चन्नम्मा चौकात लाल-पिवळ्या झेंड्यांची राज्योत्सव मिरवणूक असते, आणि त्याच दिवशी महाराष्ट्रात जाऊ मागणाऱ्या मराठी लोकांची काळ्या दिनाची मूक सायकल फेरी. दुसऱ्या दिवशी मराठी पेपर फेरीला वर चढवतो, कन्नड पेपर मिरवणुकीला. दोन्ही बातम्या खऱ्याच! एकीकडे फेरीतले लोक 'सीमावासीय', दुसरीकडे काही ठिकाणी चक्क 'पुंड'. सहावी-सातवीच्या पोरांना बातमीचा कल ओळखायला शिकवायचं तर याहून चांगला धडा कुठे मिळणार?

पेपर असे का झाले, याचं मूळ भाषावार प्रांतरचनेच्याही मागे आहे. बाबुराव ठाकुरांनी १९१९ मध्ये बेळगावात 'तरुण भारत' काढला, तो स्वातंत्र्यलढ्याच्या धामधुमीत. कन्नड पेपर 'संयुक्त कर्नाटक'ही मूळचा इथलाच, पुढे हुबळीला गेला. १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस अधिवेशन भरलं, तेव्हाच बेळगावात कर्नाटक एकीकरणाची परिषदही झाली. मग १९४६ मध्ये याच गावच्या मराठी साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव आला, अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर, म्हणजे पुन्हा एक संपादकच. दोन्हीकडे पत्रकार आधी चळवळीतला आणि मग बातमीदार. वाचकालाही पेपर आपल्या बाजूचाच हवा असायचा, हे विसरून चालणार नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं आणि पेपरांची ही फाळणी घट्ट झाली. सीमावादावर केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवालच घ्या. त्यात बेळगाव म्हैसूरकडेच ठेवलं होतं. निपाणी, खानापूरसह २६४ गावं महाराष्ट्राला, तर अक्कलकोट, दक्षिण सोलापूरसह २४७ कर्नाटकाला द्यायची होती. कर्नाटक तो अहवाल अंतिम मानतं, महाराष्ट्राने तो फेटाळला, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. पण आपल्याकडच्या चर्चेत अक्कलकोटचं नाव किती वेळा निघतं? खोटं काहीच न छापता कल कसा येतो, ते मुलांना इथे दिसतं.

शाळेत हे शिकवण्याचा विचार बाहेर बराच जुना. न्यूयॉर्कमध्ये १९३७ साली प्रचाराच्या युक्त्या उलगडणारी संस्था निघाली, १९८२ च्या ग्रुनवाल्ड जाहीरनाम्यात युनेस्कोने माध्यमशिक्षणाची बाजू घेतली. आपल्याकडे एनसीईआरटीच्या २००७ च्या सातवीच्या पुस्तकात एक झकास उदाहरण होतं: प्रदूषण करणारे कारखाने बंद करण्याची एकच घटना, बातम्या दोन. एकीत प्रदूषणावरचा बडगा, दुसरीत शहरातली अशांतता. २०१८ च्या सुमारास केरळात कन्नूरच्या शाळांत खोट्या बातम्यांवर तास सुरू झाले.

तिथे भर व्हॉट्सअॅपवरच्या अफवांवर होता. सीमाभागात माझ्या मते सुरुवात खऱ्या बातमीपासूनच व्हावी: मथळा, फोटो, कुणाचं म्हणणं आधी आलं, कुणाचं आलंच नाही. मराठी माध्यमाच्या मुलांना शाळेत कन्नड असतंच, त्यामुळे अडखळत का होईना, ती दोन्ही पेपर वाचू शकतात. कन्नड माध्यमाच्या वर्गासाठी मात्र मराठी बातमी भाषांतर करून द्यावी लागेल. खरी पंचाईत गुरुजींची. घरी कुठला पेपर येतो ते गल्लीला ठाऊक असतं, आणि वर्गात आपल्याच पेपरात काय राहून गेलं असं विचारलं, की संध्याकाळपर्यंत पालक दारात.