जुन्या आलमारीच्या पल्ल्यांना सॉफ्ट क्लोज बसवणे

जुन्या आलमारीच्या पल्ल्यांना सॉफ्ट क्लोज बसवणे : वापरात असलेल्या कपड्यांच्या आलमारीचा पल्ला आपटू न देता शेवटच्या टप्प्यात सावकाश मिटवणारी यंत्रणा नंतरून जोडण्याचे सुतारकाम. बिजागऱ्या बदलून, आहे त्या बिजागरीवर डँपर चढवून किंवा आलमारीच्या अंगात वेगळा डँपर बसवून हे काम होते. नवी आलमारी करावी लागत नाही. नागपुरात लकडगंजच्या लाकूड-प्लायवूड बाजारात आणि इतवारीच्या हार्डवेअर दुकानांत त्याचे सामान मिळते.

या यंत्रणेत दोन वेगवेगळी कामे एकत्र आलेली असतात, आणि बहुतेक फसलेली कामे ती वेगळी न ओळखल्यामुळे फसतात. पल्ला ओढून मिटवण्याचे काम स्प्रिंग करते. त्याचा वेग मारण्याचे काम डँपर करतो. डँपर म्हणजे तेल भरलेली छोटी नळी आणि तिच्यात सरकणारा पिस्टन. पल्ल्याने पिस्टन दाबला की आतले तेल, बहुधा सिलिकॉनचे, बारीक वाटेने पलीकडे जाऊ लागते. जितक्या वेगाने दाबावे तितका ते जास्त विरोध करते. म्हणून धाडकन ढकललेला पल्लाही शेवटी मंदावतो आणि हळूच लोटलेल्याला फारशी अडचण होत नाही. स्कूटरच्या शॉकअॅब्सॉर्बरमागेही हेच तत्त्व आहे. नुसता डँपर पल्ला बंद करत नाही, तो फक्त थोपवतो. ज्या पल्ल्याला ओढणारी स्प्रिंगच नाही त्याला महागडा डँपर लावला, तर पल्ला बोटभर उघडा राहतो.

फर्निचरमध्ये ही सोय सर्वत्र पोहोचली ती अलीकडेच. ऑस्ट्रियातल्या ब्लूम कंपनीने २००१ मध्ये ‘ब्लूमोशन’ या नावाने आपली डँपिंग यंत्रणा बाजारात आणली. ही कंपनी १९५२ मध्ये ज्युलियस ब्लूम यांनी सुरू केली तेव्हा तिचे पहिले उत्पादन घोड्याच्या नालेला लावायचे खिळे हे होते. आता हेटिक, हाफेले, एबको, गोदरेज अशा अनेक नावांच्या सॉफ्ट क्लोज बिजागऱ्या नागपुरात सहज मिळतात.

आधी बिजागरी पाहावी

कोणती पद्धत चालेल हे आलमारीला आधी लावलेली बिजागरी ठरवते. पल्ला साधारण तळहाताएवढा उघडा ठेवून सोडून द्यावा. तो स्वतःहून ओढला जाऊन आपटला तर आत स्प्रिंगची बिजागरी आहे, जिला मिस्त्री ऑटो हिंज म्हणतात. तो जागीच थांबला किंवा उलट उघडत गेला तर साधे, स्प्रिंग नसलेले कब्जे आहेत, नाहीतर स्प्रिंग थकली आहे.

गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या प्लायवूडच्या आलमाऱ्यांना बहुतांशी ऑटो हिंजच असते. तिची गोल वाटी पल्ल्यात कोरलेल्या ३५ मिमी व्यासाच्या खड्ड्यात बसते, आणि हा व्यास जवळजवळ सगळ्या कंपन्यांनी सारखाच ठेवला आहे. त्यामुळे जुनी बिजागरी काढून त्याच खड्ड्यात सॉफ्ट क्लोज बिजागरी घालणे हाच सर्वांत सोपा आणि टिकाऊ मार्ग ठरतो. मात्र वाटीच्या दोन बाजूंच्या स्क्रूंमधले अंतर कंपनीगणिक ४५, ४८ किंवा ५२ मिमी असे बदलते. कंपनी बदलली की पल्ल्यात स्क्रूची भोके नवी पाडावी लागतात आणि कधीकधी ती जुन्या भोकांना चिकटून येतात. म्हणून जुनी बिजागरी खिशात घालूनच दुकानात जावे.

दुकानदार पहिला प्रश्न विचारतो तो ‘झिरो, आठ की सोळा?’ हा बिजागरीच्या दांडीला दिलेला बाक असतो. पल्ला बाजूच्या फळीची पूर्ण जाडी झाकत असेल तर झिरो, मधल्या एकाच फळीवर दोन पल्ले अर्धे-अर्धे येत असतील तर आठ, आणि पल्ला आलमारीच्या आत बसत असेल तर सोळा. तीन पल्ल्यांच्या आलमारीत यांतले दोन प्रकार एकत्र असू शकतात. एकच प्रकार सरसकट आणला की एक पल्ला दुसऱ्यावर चढतो.

उंच पल्ल्याच्या प्रत्येक बिजागरीत डँपर असलाच पाहिजे असे नाही. साधारण ९०० मिमी उंचीपर्यंत दोन, १६०० पर्यंत तीन, २००० पर्यंत चार आणि २४०० पर्यंत पाच बिजागऱ्या, असा अंदाज धरतात. हलक्या पल्ल्याच्या सगळ्या बिजागऱ्या सॉफ्ट क्लोज केल्या तर स्प्रिंगचा जोर पुरत नाही आणि पल्ला मध्येच रेंगाळतो. काही बिजागऱ्यांवर डँपर बंद करण्याची छोटी कळ असते ती यासाठीच. उलट आरसा लावलेल्या पल्ल्याचे वजन लोक फार कमी धरतात. काचेचे वजन जाडीच्या दर मिलिमीटरला चौरस मीटरमागे अडीच किलो असते. २१०० × ४५० मिमीच्या पल्ल्यावर ४ मिमीचा पूर्ण आरसा म्हणजे साडेनऊ किलोंच्या आसपास, आणि १८ मिमी प्लायवूडचा पल्ला त्याखेरीज अकरा-बारा किलोंचा. अशा पल्ल्याला पाचहून कमी बिजागऱ्या असतील तर डँपरच्या आधी बिजागरी वाढवावी.

नळीचा डँपर आणि त्याची जागा

ऑटो हिंज ठीकठाक असेल आणि ती बदलायची नसेल, तर त्याच कंपनीचा चढवण्याजोगा डँपर दांडीवर बसवता येतो. तोही मिळत नसेल तर नळीचा डँपर वापरतात. तो बाजूच्या फळीच्या कडेत १० मिमीचे भोक पाडून आत सारतात. १८ मिमीच्या फळीत असे भोक पाडले की दोन्ही अंगांना जेमतेम ४ मिमी लाकूड उरते. जुन्या, थर सुटू लागलेल्या प्लायवूडला तेवढ्यानेही भेग जाते. म्हणून जुन्या आलमारीत फळीच्या आतल्या अंगाला स्क्रूने बसणारा, प्लास्टिकच्या घरातला डँपरच बरा.

तो कुठे लावायचा याचा थोडा हिशेब आहे. पिस्टनची चाल, म्हणजे तो आत दाबला जाण्याचे अंतर, १२ मिमी धरू. ४५० मिमी रुंद पल्ल्याच्या हँडलच्या टोकाला तो लावला, तर पल्ला मिटायला जेमतेम दीड अंश उरलेला असताना पिस्टनला भिडतो. तिथे पकड जोरदार असते, पण ती इतक्या उशिरा येते की पल्ला थांबल्यासारखा झटका जाणवतो. बिजागरीपासून ५० मिमीवर तोच डँपर १३-१४ अंशांपासून काम सुरू करतो. मिटणे तिथे खरोखर मऊ होते, पण तरफ लहान असल्याने जोर कमी पडतो आणि जड पल्ल्याला वर-खाली दोन डँपर लागतात. कपड्यांच्या उंच आलमारीला बिजागरीच्या बाजूचे दोन हीच मांडणी योग्य.

पल्ला मुळात तिरका असेल तर यांपैकी काहीही करण्याआधी तो सरळ करावा. ऑटो हिंजच्या पुढच्या स्क्रूने पल्ला डावी-उजवीकडे सरकतो, मागच्याने आत-बाहेर होतो आणि बिजागरीच्या बाजूच्या फळीवरील प्लेटच्या स्क्रूंनी वर-खाली. प्लेटचे स्क्रू नुसतेच फिरत असतील तर भोकाने पकड सोडली आहे. फेविकॉलमध्ये बुडवलेल्या लाकडी काड्या त्यात ठोकून, रात्रभर वाळू देऊन स्क्रू पुन्हा आवळतात. पार्टिकल बोर्डच्या आलमारीत ही डागडुजी बहुधा करावीच लागते.

सागवानी पल्ले

महाल, सीताबर्डी, धरमपेठेतल्या जुन्या घरांत भिंतीत बसवलेल्या आलमाऱ्या असतात. आत कडप्प्याचे कप्पे, बाहेर सागवानी चौकट आणि तिला लांब कब्ज्यांवर टांगलेले दिल्ह्यांचे, म्हणजे चौकटीत फळ्या बसवलेले, पल्ले. हे लाकूड चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांचे वैभव आहे. बल्लारशाहच्या आगारातले सागवान २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी गेले, त्याच पट्ट्यातले. अशा पल्ल्यांत ३५ मिमीचे खड्डे कोरून ऑटो हिंज घालण्याची टूम निघाली आहे. ती टाळावी. एकदा कोरलेले लाकूड परत येत नाही, आणि गरज तर मुळीच नसते. कब्जे तसेच ठेवून आतल्या बाजूला चौकटीच्या माथ्यावर छोटा डँपर लावावा आणि हँडलच्या बाजूला चांगल्या जोराचे चुंबक. डँपरचा पिस्टन परत बाहेर येण्यासाठी आत एक बारीक स्प्रिंग असते आणि ती पल्ल्याला किंचित मागे ढकलते. चुंबक तिच्यापेक्षा जोरकस हवे. पल्ला शेवटपर्यंत हाताने लोटावा लागतो, पण आपटत नाही. पल्ल्याला भोके पडतात ती फक्त चुंबकाच्या पत्रीच्या स्क्रूंची.

नागपूरच्या हवेत

इथला उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो आणि हिवाळ्यातल्या रात्री १० अंशांच्या खाली उतरतात. तापल्यावर तेल पातळ होते, गारठ्यात दाट. एकच पल्ला मे महिन्यात जरा लगबगीने आणि जानेवारीत रेंगाळत मिटतो तो त्यामुळे. सिलिकॉन तेलात हा फरक खनिज तेलापेक्षा कमी पडतो, पण पडतो. तो बिघाड नव्हे.

खरा त्रास कुलरचा. एप्रिलपासून खिडकीतला कुलर खोलीत ओली हवा सोडतो. समोरच आलमारी असेल तर उघडा पल्ला त्या झोताने हलत राहतो आणि बिजागरीचे स्क्रू गंजतात. कुलरसमोरच्या आलमारीला स्टेनलेस स्टीलच्याच बिजागऱ्या आणि स्क्रू घ्यावेत. पावसाळ्यात लाकूड फुगते, आणि सागवान कमी फुगत असले तरी रुंद पल्ला आडवा वाढतोच. कोरड्या मे महिन्यात दोन पल्ल्यांमधली फट कागदाएवढी ठेवली की ऑगस्टमध्ये पल्ले एकमेकांना घासतात, आणि घासणाऱ्या पल्ल्याला कोणताही डँपर नीट मिटवू शकत नाही. फट २ ते ३ मिमी ठेवावी.

सरकते पल्ले व लोखंडी आलमाऱ्या

बेसा, मनीषनगर, वर्धा रोडकडच्या नव्या फ्लॅटांत सरकते पल्ले जास्त दिसतात. त्यांची यंत्रणा रुळात बसते. पल्ला टोकाशी आला की रुळातली खुंटी आकडा सोडवते, स्प्रिंग पल्ल्याला शेवटचे काही सेंटिमीटर ओढते आणि डँपर आवरतो. हा संच त्या-त्या रुळापुरता आणि ठरावीक वजनापुरताच बनलेला असतो. साध्या अॅल्युमिनियमच्या दुहेरी रुळात त्याला जागाच नसते; तिथे रूळ आणि चाके दोन्ही बदलावी लागतात. नाहीतर टोकाला रबराचे ठोकळे.

लोखंडी आलमारीला हे काम करत नाहीत. तिचा पल्ला हँडल फिरवून वर-खाली जाणाऱ्या दांड्यांनी अडकतो. कडेला फेल्टच्या पट्ट्या चिकटवल्या की आवाज बराच कमी होतो.

लहान मुलांच्या घरात ही यंत्रणा आवर्जून बसवतात आणि ते योग्यच आहे, पण तिने हँडलच्या बाजूचाच धोका कमी होतो. बिजागरीच्या बाजूला पल्ला आणि फळी यांमधली फट तशीच मिटते आणि तिथे बोट सापडू शकते. देखभाल थोडीच: वर्षातून एकदा स्क्रू आवळणे, सरकत्या पल्ल्याच्या खालच्या रुळातली धूळ काढणे. डँपरला तेल देऊ नये. त्याचे तेल आतच बंद असते. पिस्टनच्या तोंडाशी ओल दिसू लागली आणि पल्ला पुन्हा आपटू लागला की तो डँपर गेला. तो दुरुस्त होत नाही, बदलतात.