‘वाऱ्यावर’ शोधलं, सापडलं नाही

ई-पुस्तकात हवा तो शब्द क्षणात शोधता येतो, असं म्हणतात. मराठी ई-पुस्तकात ‘वाऱ्यावर’ शोधून पाहा. कधी कधी शब्द समोरच्याच पानावर असतो आणि यंत्र सांगतं, काही सापडलं नाही.

गोम त्या ‘ऱ्य’मध्ये आहे. तो दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकीत खाली टिंब असलेला ऱ, हलन्त (अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह) आणि य; दुसरीत साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह आणि य. पडद्यावर आकृती तीच, पण आतले संकेत निराळे. पुस्तक टंकणाऱ्याने एक तऱ्हा वापरली आणि तुमच्या कीबोर्डने दुसरी, की शोध हुकतो. शोधप्रणालीने दोन्ही एकच मानले तर प्रश्न मिटतो, पण तशी तजवीज सगळीकडे नसते.

शब्दावर बोट दाबून अर्थ पाहण्याचीही तीच गत. ‘पावसाने’वर बोट ठेवलं, तर कोशात नोंद ‘पाऊस’ अशी. नुसता प्रत्यय तोडून भागत नाही, सामान्यरूपही (प्रत्ययाआधी ‘पाऊस’चं होणारं ‘पावसा’) उलगडावं लागतं. ते न जमणारा कोश हात वर करतो.

जुन्या पुस्तकांच्या पीडीएफची कथा आणखी वाईट. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना स्वतंत्र संकेत देणारी पद्धत, रुळण्याआधीच्या बहुतेक फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. पान सुबक दिसतं. त्यातली ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवली की रोमन अक्षरांची खिचडी हाती येते. अशा फाइलीत मराठी शब्द शोधता येत नाही आणि ती मोठ्याने वाचून घेण्याची सोयही चालत नाही.

शिवाय पीडीएफचं पान पडद्याप्रमाणे ओळी बदलत नाही. सहा इंची वाचकयंत्राची रुंदी सुमारे 9 सेंटीमीटर, ए-4 पान 21 सेंटीमीटर. 12 पॉइंटचं अक्षर जेमतेम 5 पॉइंटचं होतं. अनुस्वार, रफार आणि उकार तिथेच बुडतात. दोन्ही बाजूंचा अडीच-अडीच सेंटीमीटर समास कापून यंत्र आडवं धरलं, तर अक्षर 9 पॉइंटपर्यंत जातं. मग अर्धं पानही एका वेळी दिसत नाही, हा भुर्दंड सोसावा लागतो.

राहिला आकलनाचा प्रश्न. कागदावरचं आणि पडद्यावरचं वाचन ताडून पाहणाऱ्या 54 अभ्यासांचे निष्कर्ष 2018 साली एकत्र तपासले गेले. त्यांत एक लाख सत्तर हजारांहून अधिक वाचक होते. कागद थोडा सरस ठरला, तोही माहितीपर मजकुरात. वेळेचं बंधन असलं की फरक वाढला. गोष्टींच्या बाबतीत फरक दिसला नाही. म्हणजे कादंबरीसाठी पडद्याला नाक मुरडण्याचं कारण नाही; परीक्षेचं पुस्तक मात्र छापीलच घ्यावं.

ई-पुस्तक विकत घेण्याआधी नमुन्याची पानं यंत्रावर उतरवून घ्या. अक्षर मोठं केल्यावर ओळी नव्याने जुळतात का, ते आधी बघा. मग पानावर दिसणारा ‘ऱ्य’चा एखादा शब्द शोधात टाका. पहिल्याच परीक्षेत पुस्तक नापास झालं, तर सहा इंची यंत्रावर त्याच्या वाटेला जाऊ नका.