आयर्विनला किती?

पावसाळ्यात सांगलीत कुणी भेटलं की 'कसं काय' नंतर. आधी 'आयर्विनला किती?' कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फूट म्हणजे इशारा पातळी, ४५ फूट म्हणजे धोका पातळी. ऑगस्टात अर्धं गाव या दोन आकड्यांवर जगतं.

जून २०२५ मध्ये 'रॉ'च्या, म्हणजे परदेशातली गुप्त माहिती काढणाऱ्या आपल्या संस्थेच्या प्रमुखपदी पराग जैन यांचं नाव जाहीर झालं, तेव्हा टीव्हीवर बॅच कुठली, केडर कुठलं, हेच दळण चाललं होतं. नेमणूक मंत्रिमंडळाची नियुक्ती समिती करते, मुदत दोन वर्षांची. तेवढं ठीक. पण त्या खुर्चीतलं अवघड काम मला आयर्विनवरच्या आकड्यांसारखं वाटतं: इशारा कितीवर द्यायचा?

रडारच्या पडद्यावरचा ठिपका विमानाचा की नुसताच गोंधळाचा, या प्रश्नातून दुसऱ्या महायुद्धानंतर 'सिग्नल डिटेक्शन थिअरी' उभी राहिली. तिचा गाभा नदीकाठच्या किराणा दुकानदाराला न शिकता कळतो. इशाऱ्याची रेघ खाली आणली की खोटे इशारे वाढतात. वर नेली की खरा धोका निसटतो. बघणारे डोळे तेच असतील, तर एक चूक कमी करताना दुसरी वाढणारच. साखरेची पोती पोटमाळ्यावर चढवली, हमाली गेली आणि पाणी आलंच नाही, की पुढच्या खेपेला मालक म्हणतो, 'बघू, अजून दोन फूट चढू दे.' २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं.

डोळे सुधारले, तरच दोन्ही चुका घटतात. जैन आधी ज्या एव्हिएशन रिसर्च सेंटरचे प्रमुख होते, तिथं विमानातून टेहळणी चालते, ती त्यासाठीच.

१९७३ च्या मे महिन्यात इस्रायलमध्ये युद्धाची आवई उठली. लष्करी गुप्तचर विभागाचे प्रमुख एली झैरा म्हणाले, युद्ध होणार नाही. तरी सैन्य सज्ज केलं, भरपूर पैसा गेला आणि युद्ध झालं नाही. झैरा बरोबर ठरले! ऑक्टोबरमध्ये सीमेवर पुन्हा हालचाल दिसली, झैरांचं उत्तर तेच. ६ तारखेला इजिप्त आणि सीरियानं एकदम हल्ला केला. चौकशी आयोगाच्या शिफारशीनंतर झैरांना पद सोडावं लागलं. माणूस बिनडोक नव्हता; मे महिन्यातलं बरोबर उत्तर त्याला नडलं.

रेघ जमली तरी आकडे छळतात. समजा, १ लाख निरोपांत खरे धोक्याचे १० आहेत आणि आपली चाळणी ९९ टक्के अचूक आहे. ती बहुधा दहाही पकडेल. पण उरलेल्या ९९,९९० मधले एक टक्का, म्हणजे हजारभर निरुपद्रवी निरोपही तिच्यात अडकतील. साहेबांच्या टेबलावर हजारावर कागद, कामाचे दहा.

आणि ते दहा सापडल्यावर वर सांगायचं कसं? १९५१ साली अमेरिकी गुप्तचर अहवालात युगोस्लाव्हियावर हल्ल्याची 'गंभीर शक्यता' असल्याचं लिहिलं होतं. हे काम बघणाऱ्या शर्मन केंट यांनी नंतर आपल्याच सहकाऱ्यांना विचारलं, गंभीर म्हणजे किती? उत्तरं २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत आली. वाक्य एकच, आणि ते सगळ्यांनी मिळून मान्य केलेलं.

सांगलीत कुणी 'पाणी बऱ्यापैकी वाढायची शक्यता आहे' म्हणून बघावं. समोरचा पुढचं ऐकूनच घेत नाही. म्हणतो, 'फूट सांगा.'