माऊसच्या पोटातला कॅमेरा आणि खोक्यावरचा आकडा

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात जा नाहीतर ऑनलाइन शोधा, माऊसच्या खोक्यावर सगळ्यात ठळक अक्षरांत दिसतो तो डीपीआयचा, म्हणजे माऊस किती बारीक हालचाल मोजतो त्याचा, आकडा. ३,२००, १२,०००, २६,०००. आकडा जेवढा मोठा तेवढा माऊस भारी, असं वाटावं म्हणूनच तो तिथे छापलेला असतो. मुलासाठी 'गेमिंगचा माऊस' घ्यायला निघालेले आईवडील हमखास याच आकड्याचे जास्तीचे पैसे मोजून येतात. माझ्या मते खोक्यावरच्या सगळ्या माहितीत हा आकडा सर्वांत कमी कामाचा आहे. का, ते कळण्यासाठी माऊस उलटा करून त्याच्या पोटात डोकवायला हवं.

डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी १९६४ साली कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये पहिला माऊस बनवला, तेव्हा तो लाकडी होता आणि त्याच्या तळाला एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन चाकं होती. एक आडवी हालचाल मोजायचं, दुसरं उभी. ९ डिसेंबर १९६८ला सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्टनी तो लोकांसमोर आणला. पुढे चाकांची जागा रबरी आवरणाच्या गोळ्याने घेतली. सायबर कॅफेच्या काळात वाढलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी तो गोळा काढून आतल्या रुळांवरचा मळ नखाने खरवडला असेल. ही कटकट संपली ती १९९९च्या सुमारास. आधीच्या ऑप्टिकल माऊसना लागायची तशी खास जाळी पॅडवर छापलेली नसली तरी चालणारे ऑप्टिकल माऊस तेव्हा बाजारात आले.

ऑप्टिकल माऊसच्या तळाशी एक अगदी छोटा कॅमेरा असतो. शेजारचा एलईडी टेबलावर तिरका, जवळजवळ आडवा प्रकाश टाकतो. त्यामुळे कापडाचे धागे, कागदाचे तंतू, लाकडाची रंध्रं यांच्या बारीक सावल्या पडतात. आपल्या डोळ्यांना गुळगुळीत दिसणारा पृष्ठभाग या कॅमेऱ्याला डोंगरदऱ्यांनी भरलेला दिसतो. कॅमेरा मात्र फारच साधा. जुन्या ऑफिस माऊसमधल्या एडीएनएस-२६१० या चिपचं चित्र अवघं १८ बाय १८ ठिपक्यांचं, म्हणजे ३२४ ठिपके. पण अशी चित्रं ती सेकंदाला दीड हजार काढते. प्रत्येक नवं चित्र आधीच्या चित्रावर ठेवून, ट्रेसिंग पेपर सरकवून नक्षी जुळवावी तसं, किती सरकवलं की दोन्ही जुळतात हे चिप शोधते. जेवढं सरकवावं लागलं, तेवढा माऊस हलला. सारा हिशेब एवढाच.

या पद्धतीची मर्यादाही इथेच दिसते. दोन चित्रांच्या मधल्या वेळात माऊस इतका पुढे गेला, की दोन्हींत सारखा भाग पुरेसा उरलाच नाही, तर चिपला काहीच जुळवता येत नाही. पॉइंटर थबकतो नाहीतर भलतीकडेच उडतो. वर सांगितलेली चिप सेकंदाला १२ इंच, म्हणजे साधारण ३० सेंटिमीटर वेगापर्यंत साथ देते. एक्सेलचे रकाने भरायला आणि मेल वाचायला तेवढा वेग पुष्कळ झाला. पण नेमबाजीच्या गेममध्ये मागून शत्रू आला आणि खेळाडूने झटक्यात माऊस फिरवला, की हात ही मर्यादा सहज ओलांडतो. गेमिंग माऊसमध्ये वर्षानुवर्षं नावाजलेली पिक्सआर्ट कंपनीची पीएमडब्ल्यू-३३६० ही चिप सेकंदाला २५० इंचांपर्यंत, म्हणजे सहा मीटरहून जास्त वेगाला टिकते. ती सेकंदाला १२,००० पर्यंत चित्रं काढते, म्हणून हे जमतं. 'गेमिंग' या शब्दाचे जास्तीचे पैसे द्यायचेच असतील तर ते या क्षमतेसाठी द्यावेत. खोक्यावर ती 'आयपीएस' (सेकंदाला किती इंच) अशी बारीक अक्षरांत लिहिलेली असते.

आता डीपीआय. माऊस एक इंच सरकला की तो कॉम्प्युटरला किती पावलं कळवतो, त्याचा हा आकडा. ८०० डीपीआयवर एक इंचात ८०० पावलं, म्हणजे एक पाऊल सुमारे ०.०३ मिलिमीटरचं. माणसाचा केस याच्या दुप्पट जाड असतो. २६,००० डीपीआयवर एक पाऊल एका मायक्रॉनइतकं होतं. १,९२० ठिपके रुंदीचा नेहमीचा फुल एचडी मॉनिटर घेतला आणि विंडोजमधला पॉइंटरचा वेग मधल्या खुणेवर ठेवला, तर ८०० डीपीआयवर पॉइंटर या टोकापासून त्या टोकाला न्यायला माऊस सहा सेंटिमीटर सरकवावा लागतो. मनगट न अवघडता होणारी ही हालचाल. २६,०००वर तेच अंतर दोन मिलिमीटरपेक्षाही कमी भरतं! एवढ्याशा जागेत एखाद्या छोट्या बटणावर नेमकं थांबणं माणसाच्या बोटांना शक्य नाही. म्हणून तो आकडा विकत घेणारे बरेच जण लवकरच तो खाली आणतात.

काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या गेमचे बहुतेक व्यावसायिक खेळाडू ४०० किंवा ८००, फार तर १,६०० डीपीआयवर खेळतात. त्या गेममध्ये सेन्सिटिव्हिटी, म्हणजे नजर किती वळायची ते ठरवणारा गुणक, १ ठेवला की माऊसच्या एका पावलाला नजर ०.०२२ अंश वळते. हिशेब मांडला तर ८०० डीपीआयवर पूर्ण गिरकी घ्यायला माऊस ५२ सेंटिमीटर सरकवावा लागेल. मोठा पॅड, अख्खा हात फिरवायला मोकळी जागा आणि कोपरापासून होणारी हालचाल, अशी त्यांची मांडणी असते. डीपीआय दुप्पट करून सेन्सिटिव्हिटी निम्मी केली तरी गिरकीचं अंतर तेच राहतं, फक्त प्रत्येक पाऊल निम्म्या कोनाचं होतं आणि नजर थोडी मऊ वळते. तेवढा फायदा १,६०० पर्यंत खरा आहे, हे मान्य करायला हवं. त्यापुढे मात्र हाताचा कंप आणि सेन्सरचा, म्हणजे त्या कॅमेरा-चिपचा, स्वतःचा गोंगाटच मोजला जाऊ लागतो. स्वस्तातल्या काही माऊसमध्ये तर सेन्सर साधाच असतो, आकडा नुसता गुणाकार करून फुगवलेला.

अडतं ते हातापाशी. १९५४ साली मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी दाखवून दिलं, की एखाद्या लक्ष्यापर्यंत हात न्यायला लागणारा वेळ लक्ष्य किती दूर आणि किती लहान आहे यावर ठरतो, आणि तो ठराविक गणिती नियमाने वाढतो. १९७८ साली झेरॉक्सच्या संशोधकांनी हाच नियम माऊस, जॉयस्टिक आणि कीबोर्डच्या बटणांना लावून पाहिला. त्या संशोधकांत पहिला माऊस घडवणारे बिल इंग्लिशही होते. माऊस सगळ्यांत वेगवान ठरलाच, शिवाय त्याचा वेग जवळजवळ मोकळ्या हाताइतका भरला. म्हणजे माऊसने माणसाच्या स्नायूंची मर्यादा तेव्हाच गाठली होती. म्हणून माझा आग्रह असतो, की आकड्यांवरचे पैसे वाचवा आणि आपल्या हातात नीट बसेल असं कवच शोधा.

कवचाची पारख सोपी आहे. तळवा पूर्ण टेकवून धरण्याची सवय असेल तर मागून उंच, लांबट माऊस हवा. बोटं आकडीसारखी वाकवून किंवा फक्त बोटांच्या टोकांनी धरत असाल तर आखूड आणि हलका. ६० ग्रॅमच्या आसपासचे माऊस आता सहज मिळतात आणि दिवसभर उचल-ठेव करणाऱ्याला हा फरक नक्की जाणवतो. डावखुऱ्यांनी दोन्ही बाजू सारख्या असलेला माऊस बघावा, पण बाजूची बटणं कुठल्या अंगठ्याखाली येतात तेही तपासावं. दिवसाचे आठ तास ऑफिसचं काम असेल आणि मनगट किंवा कोपर ठणकत असेल तर उभा माऊस जरूर वापरून पाहा. तळवा जमिनीकडे वळवला की हाताची दोन हाडं एकमेकांवरून जातात. उभा माऊस धरताना हात हस्तांदोलन करतानासारखा राहतो आणि त्या स्थितीत ती जवळजवळ समांतर राहतात. मात्र अशा माऊसवर नेमबाजी जमणं कठीण. जेवणाचं टेबल बहुतेक घरांत कोपराच्या उंचीपेक्षा वर असतं आणि तिथे काम करणाऱ्याचं मनगट दिवसभर वर वाकलेलं राहतं. ते दुखणं कुठलाही माऊस घेऊन जाणार नाही, आधी खुर्ची उंच करा.

पोलिंग रेट म्हणजे माऊस आपली खबर सेकंदाला किती वेळा पोचवतो तो आकडा. साधा माऊस १२५ वेळा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी. गेमिंगचा १,००० वेळा. ६० हर्ट्झचा मॉनिटर स्वतःच दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र बदलतो, त्यामुळे ऑफिसात हा फरक कळत नाही. वेगवान मॉनिटरवर १,००० ठीक. ८,००० हर्ट्झच्या मागे मी जाणार नाही, त्याने प्रोसेसरवरचा भार मात्र वाढतो.

वायरलेसमध्ये गेमसाठी छोट्या यूएसबी रिसीव्हरचा माऊस घ्यावा, ब्लूटूथचा ऑफिसला चालतो. माऊस अडखळत असेल तर आधी रिसीव्हर कुठे लावलाय ते पाहा. निळ्या यूएसबी ३.० पोर्टमधून निघणारा रेडिओ गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो आणि माऊस त्याच पट्ट्यात बोलत असतो. शेजारीच हार्ड डिस्क लावली असेल तर त्रास आणखी वाढतो. हातभर एक्स्टेन्शन वायर लावून रिसीव्हर माऊसजवळ आणला की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो.

माऊस खराब होतो तो बहुधा सेन्सरमुळे नव्हे, डाव्या बटणामुळे. बटणाखाली धातूची लवचिक पट्टी असते. ती दाबली की संपर्कबिंदूवर आपटते आणि काही क्षण थरथरते. त्या थरथरीला अनेक क्लिक समजू नये म्हणून माऊस काही मिलिसेकंद दुर्लक्ष करतो. वापराने संपर्कबिंदू झिजले, त्यांवर थर बसला, की थरथर त्या मुदतीपलीकडे जाते. मग एकदा दाबलं तरी फोल्डर उघडतो, फाइल ओढताना मध्येच सुटते. ऑप्टिकल स्विचमध्ये पट्टी फक्त प्रकाशाचा किरण अडवते, त्यामुळे हा दोष येत नाही. खूप क्लिक करणाऱ्याने त्यासाठी थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही.

माऊसखाली काय आहे हेही पाहावं. काचेवर कॅमेऱ्याला धरायला सावलीच सापडत नाही, चकचकीत सनमायकावर प्रकाश परावर्तित होतो. काही शे रुपयांचा कापडी पॅड इथे महागड्या सेन्सरपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

नवा माऊस घरी आला की एक चाचणी करा. विंडोजच्या माऊस सेटिंगमधला 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' हा पर्याय आधी बंद करा, कारण तो हाताच्या वेगानुसार पॉइंटरचं अंतर बदलतो. पॅडवर एक पट्टी उभी चिकटवा आणि माऊस तिच्या उजव्या कडेला टेकवून ठेवा. पॉइंटर पडद्याच्या डाव्या कडेजवळच्या एखाद्या आयकॉनवर आणा. माऊस पट्टीपासून चार-पाच सेंटिमीटर हळू उजवीकडे न्या आणि झटक्यात परत पट्टीला आणून टेकवा. पॉइंटर त्याच आयकॉनवर परतायला हवा. कडेला आपटून थांबला तर अंतर कमी करून पुन्हा करा. दर वेळी तो एकाच बाजूला चुकत असेल तर वेगात सेन्सरची पावलं गळतायत, आणि परत करण्याची मुदत संपायच्या आत तो माऊस बदलून घ्या.