हाय-फाय मासिकांतील परीक्षणे

हाय-फाय मासिकांतील परीक्षणे : घरी संगीत ‘हाय-फाय’, म्हणजे मूळ आवाजाला शक्य तितके धरून, ऐकण्याच्या उपकरणांची, म्हणजे टर्नटेबल, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर इत्यादींची, नियतकालिकांतून होणारी चिकित्सा. ही परंपरा मुख्यतः अमेरिका आणि ब्रिटनमधली. लाँगप्ले तबकडी १९४८ मध्ये बाजारात आली. त्यानंतर अमेरिकेत ‘हाय फिडेलिटी’ (१९५१) आणि ब्रिटनमध्ये ‘हाय-फाय न्यूज’ (१९५६) ही मासिके निघाली.

सुरुवातीच्या परीक्षणांत भर मोजमापांवर असे. ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या अमेरिकी मासिकाचे ज्युलियन हर्श हे त्या पद्धतीचे सर्वांत परिचित नाव. अ‍ॅम्प्लिफायर किती वॅट देतो, त्यात विकृती (मूळ ध्वनीत उपकरणाने केलेला बिघाड) किती टक्के, हे तपासून ते छापत. जे. गॉर्डन होल्ट यांना एवढ्याने समाधान नव्हते. ‘हाय फिडेलिटी’तली नोकरी सोडून त्यांनी १९६२ मध्ये ‘स्टिरिओफाइल’ काढले. उपकरण वाजते कसे, हे ऐकूनच सांगितले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. हॅरी पिअर्सन यांनी १९७३ मध्ये ‘दि अ‍ॅब्सोल्यूट साउंड’ सुरू केले आणि कसोटी नावातच ठेवली : खऱ्या जागेत, माइकशिवाय वाजणाऱ्या वाद्यांचा आवाज.

या परीक्षणांची गोडी केवळ खरेदीच्या सल्ल्यात नाही. ऐकू येते पण सांगता येत नाही, त्याला त्यांनी शब्द दिले. ‘साउंडस्टेज’ हा त्यांपैकीच एक. दोन स्पीकरांच्या मधल्या मोकळ्या जागेत गायिका नेमकी कुठे उभी आहे, व्हायोलिनांच्या मागे पितळी वाद्ये किती अंतरावर बसली आहेत, असे वर्णन वाचले की वाचक उठून आपलीच जुनी तबकडी लावतो आणि कालपर्यंत न जाणवलेली आवाजातली खोली त्याला ऐकू येऊ लागते. मैफलीत बसून कान तयार होतो, असे आपण म्हणतो; चांगले परीक्षण हे काम कागदावरून करते, आणि ही त्याची मोठी कामगिरी आहे.

मर्यादा सुरू होतात त्या परीक्षकाच्या खोलीपासून. साधारण २००–३०० हर्ट्‌झच्या खालच्या आवाजावर स्पीकरइतकाच, अनेकदा अधिक, प्रभाव खोलीचा असतो. परीक्षकाला भरीव वाटलेला खर्ज वाचकाच्या दहा-बाय-बाराच्या खोलीत, कोपऱ्यात ठेवलेल्या स्पीकरमधून नुसता घुमेल. दुसरी अडचण आवाजाच्या पातळीची. दोन अ‍ॅम्प्लिफायरांपैकी एक अर्धा-एक डेसिबेल मोठा असला, तर तो ‘मोठा’ वाटत नाही, ‘अधिक जिवंत’ वाटतो. पातळी मीटरने जुळवली नसेल, तर सगळी तुलनाच लंगडी पडते.

तिसरी मर्यादा डोळ्यांची, आणि ती सर्वांत खोलवरची आहे. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये तेच स्पीकर त्याच श्रोत्यांना एकदा पडद्याआडून आणि एकदा उघड दाखवून ऐकवले. समोर दिसू लागताच मोठ्या, देखण्या स्पीकरांचे गुण वाढले. लहान, स्वस्त प्लॅस्टिकच्या स्पीकरांचे घसरले. हा खोटेपणा नव्हे. मनाने बांधलेली अपेक्षा ऐकण्यातच मिसळून जाते, आणि प्रामाणिक माणसालाही ती वेगळी काढता येत नाही. परीक्षक मात्र बहुधा किंमत आणि नाव माहीत असतानाच ऐकतो. त्यात उपकरण कंपनीकडून उसने आलेले असते, आणि जाहिरातही कित्येकदा त्याच कंपनीची असते.

मराठी वाचकाला आणखी एक उणीव जाणवते. परीक्षकांच्या ठरलेल्या तबकड्या पाश्चात्त्य अभिजात संगीत, जॅझ आणि रॉकच्या. तंबोऱ्याची जवारी किंवा तबल्याच्या शाईवरची आस त्या उपकरणावर कशी उतरते, हे त्यांतून कळत नाही. वास्तविक जवारीइतकी कठीण परीक्षा क्वचितच असेल : चार तारांतून सतत उमलणारे असंख्य स्वरांश जराही खरखरीत झाले, तर कानाला लगेच टोचतात. तेव्हा स्पीकर घ्यायला जाताना आपल्या ऐकण्यातले ध्वनिमुद्रण बरोबर न्यावे.

ऐकणे आणि मोजणे यांची सांगड घालण्याचा सर्वांत चिकाटीचा प्रयत्न जॉन अ‍ॅटकिन्सन यांनी केला. ते १९८६ ते २०१९ या काळात ‘स्टिरिओफाइल’चे संपादक होते. परीक्षकाच्या लेखाला त्यांनी मोजमापांच्या आलेखांची स्वतंत्र चौकट जोडली. एखाद्या व्हॉल्व्ह (जुन्या पद्धतीच्या काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या) अ‍ॅम्प्लिफायरच्या उबदार आवाजाची मनापासून केलेली स्तुती आणि त्याच यंत्रातली मोठी विकृती दाखवणारा आलेख, दोन्ही एकाच अंकात छापले जातात.