बंदरात शिरलेली लाट

१० मार्च २०११, संध्याकाळचे पावणेआठ. हवाईतल्या बिग आयलंडच्या कोना किनाऱ्यावर साधारण याच वेळेला डायव्हर पाण्यात उतरलेले असतात. तळाशी दिवे लावले की उजेडाभोवती प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, गोळा होतात आणि ते खायला मँटा रे हे भलेमोठे चपटे मासे येतात. कोनाच्या डायव्हिंगवाल्यांचा हा हुकमी धंदा. त्या संध्याकाळी याच घटकेला सहा हजारांहून जास्त किलोमीटरवर जपानजवळचा समुद्रतळ हलला. भूकंप ९.१ तीव्रतेचा होता. त्यातून उठलेली त्सुनामीची लाट हवाईला पोचायला सात तास लागणार होते.

डायव्हिंगवाल्याचं सगळं भांडवल पाण्याच्या काठाला असतं. बोट, कॉम्प्रेसर, सिलिंडर, दुकान. सिलिंडर गाडीत टाकून डोंगरावर नेता येतात. बोटीचं काय करायचं? बंदरात बांधून ठेवायची की काळोखात समुद्रावर काढायची? किनाऱ्यावरच्या माणसाला समुद्र हीच धोक्याची जागा वाटते. पण हवाईत बोटवाल्यांना सांगून ठेवलेलं असतं: वेळ हाताशी असेल तर बोट ५० वाव पाण्याच्या पलीकडे न्या. वाव हे माप आपल्या कोकणातल्या खलाशांनाही ठाऊक आहे. ५० वाव म्हणजे सुमारे ९० मीटर खोली.

यामागचं गणित मला फार आवडतं, कारण ते कागदावर चार ओळींत सुटतं. त्सुनामीचा वेग ठरतो पाण्याच्या खोलीवर. चार हजार मीटर खोल समुद्रात ती ताशी सातशे किलोमीटरने धावते, म्हणजे जवळपास विमानाच्या वेगाने. पण हा वेग लाटेचा आहे, पाण्याचा नाही. तिथे लाट अर्धा मीटर उंच धरली तर पाणी स्वतः सेकंदाला जेमतेम अडीच सेंटिमीटर सरकतं. मुंगीच्या चालीने म्हणा. १०० मीटर खोलीवर तीच लाट सव्वा मीटरची होते आणि पाण्याची ओढ सेकंदाला ४० सेंटिमीटरवर जाते. बोटीला हे सहज झेपतं. १० मीटर खोलीवर मात्र लाट सव्वादोन मीटरची आणि ओढही सेकंदाला सव्वादोन मीटरची. फिन्स, म्हणजे पायाला पोहण्याची वल्ही, घातलेला डायव्हर नेहमीच्या चालीने सेकंदाला अर्धा मीटर कापतो. त्याने इथे कितीही पाय मारले तरी तो पाण्यासोबत जाणार.

आणखी एक गोष्ट. वाऱ्याने उठलेल्या लहान लाटांची हालचाल खाली जावं तशी विरत जाते. वर खळबळ असली तरी पंधरा-वीस मीटरवर बऱ्यापैकी शांत, हा डायव्हरचा रोजचा अनुभव. त्सुनामीत वरपासून तळापर्यंतचं सगळं पाणी एकदम सरकतं, त्यामुळे खाली बुडी मारून ती चुकवता येत नाही. २००४च्या डिसेंबरमध्ये मालदीव आणि थायलंडच्या समुद्रात काही डायव्हर पाण्याखालीच होते. आजूबाजूचं पाणी अचानक गढूळ झालं आणि ओढीने त्यांना फरफटत नेलं. वरचा भोंगा पाण्याखाली ऐकू येत नाही. म्हणून बोटीवरचा माणूस लोखंडी शिडीवर ठोकून किंवा इंजिन ठरलेल्या पद्धतीने घुमवून डायव्हरना वर बोलावतो. ही खूण पाण्यात उतरण्याआधी ठरलेली हवी.

आता बंदराकडे वळू. भरलेली परात उचलून चालताना पावलांचा ताल पाण्याच्या तालाशी जुळला की पाणी हिंदकळून बाहेर येतं. बंदराचंही तसंच आहे. एक किलोमीटर लांब आणि पाच मीटर खोल बंदरातलं पाणी एकदा आतबाहेर व्हायला साडेनऊ मिनिटं लागतात. येणाऱ्या लाटांचा ताल याच्याशी जुळला की प्रत्येक लाट झोका वाढवत नेते. २००४ची त्सुनामी हिंद महासागरातल्या रेयुनियन बेटावर पोचली तेव्हा तिथल्या बंदरातल्या १९६ मीटर लांब मालवाहू जहाजाचे बाराच्या बारा दोरखंड तुटले, आणि तेही लाटा सुरू झाल्यावर काही तासांनी. ज्या लाटांमधलं अंतर कमी असतं, त्या खोल समुद्रात जरा हळू चालतात, म्हणून मागाहून पोचतात. बंदराच्या तालाशी नेमक्या त्याच जुळल्या, असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. जपानीत ‘त्सु’ म्हणजे बंदर आणि ‘नामी’ म्हणजे लाट. हे नाव देणाऱ्यांनी ती नेमकी ओळखली होती.

हवाईत ११ मार्चच्या पहाटे तीनच्या सुमाराला पहिली लाट आली. होनोलुलूच्या भरतीमापकावर ती नेहमीच्या पातळीवर एक मीटरही चढली नाही. तरी जवळच्या केएही लगूनमध्ये दोनशेच्या आसपास बोटींचं नुकसान झालं. तरंगते धक्के बांधलेल्या बोटींसकट सुटले आणि एकमेकांवर आदळत राहिले. केआलाकेकुआ उपसागरात एक अख्खं घर तरंगत गेलं. मनुष्यहानी मात्र झाली नाही, आणि त्याचं श्रेय मी त्या सात तासांना देतो.

बोट वाचली म्हणजे धंदा वाचला असं होत नाही. बाहेर थांबलेल्या बोटींना लगेच आत येता येत नाही. बंदराच्या तोंडाशी ओढ असते, पाण्याखाली बुडालेल्या बोटी आणि ओंडके असतात, गाळ सरकून खोली बदललेली असते. म्हणून निघतानाच पुरेसं डिझेल आणि प्यायचं पाणी बरोबर हवं. पुढे गिऱ्हाईकही हवं. कोना व्हिलेज हे मोठं रिसॉर्ट त्या पहाटे उद्ध्वस्त झालं, ते पुन्हा उघडलं २०२३मध्ये. तिथे उतरणारे पाहुणे गेले, म्हणजे त्यांना समुद्र दाखवणाऱ्यांचं कामही गेलं.

भूकंप पायाखालीच झाला तर मात्र बोटीचा विचारसुद्धा करू नये. २९ नोव्हेंबर १९७५ला बिग आयलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ७.७चा धक्का बसला. हालापे इथे किनाऱ्यावर मुक्काम करणाऱ्यांवर मिनिटाभरातच पाणी आलं आणि दोघांचा जीव गेला. आपल्याकडे मालवण-तारकर्लीला आज शेकडो पर्यटक पाण्याखाली उतरतात. २८ नोव्हेंबर १९४५च्या पहाटे पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याजवळ भूकंप झाला, तेव्हा त्याच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या आणि माणसंही दगावली होती. मकरान दूर असल्याने आपल्याला काही तास मिळतील. तेवढ्यात बोट कोणी काढायची आणि कुठवर न्यायची, हे तिथल्या प्रत्येक बोटवाल्याला आजच ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

थायलंडच्या फी फी बेटावर दोन उपसागरांच्या मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी आहे आणि गाव त्या पट्टीवर वसलेलं. २००४मध्ये पाणी दोन्ही बाजूंनी आलं आणि गाव उपसागरात ओढून नेलं. नंतर कित्येक महिने डायव्हर तिथे उतरत होते. पत्रे, लाकूड, घरातल्या वस्तू हाताने उचलून वर पाठवत होते, प्रवाळ मोकळे करत होते.