काचेपलीकडचा पेहराव

पेहरावाच्या प्रदर्शनाला पहिल्यांदा गेलेला माणूस बाहेर येताना बहुतेक कुरकुरतच येतो. आत इतका अंधार की पाटीवरची अक्षरं लागत नाहीत. पुतळ्यांना चेहरे नाहीत. कपडे पाहावेत तर सगळे राण्यांचे आणि धनिकांचे, आणि दारातच एखाद्या बड्या फॅशन कंपनीचं नाव प्रायोजक म्हणून झळकतंय. कुरकुर रास्त आहे. पण यातलं काहीच कुणाच्या लहरीने आलेलं नाही. अंधार रसायनशास्त्राने आणला, चेहरे वादात गेले आणि प्रायोजक एका जुन्या करारातून आत शिरले.

कपडे जपून ठेवायची सुरुवात रक्ताच्या डागांपासून झाली. स्वीडनचा राजा दुसरा गुस्ताव अडॉल्फ पोलंडविरुद्धच्या युद्धात जखमी झाला, तेव्हा अंगावर असलेले कपडे कायमची आठवण म्हणून स्टॉकहोमच्या राजशस्त्रागारात ठेवावेत, असा त्याने १६२८ मध्ये हुकूम केला. पुढे १६३२ मध्ये ल्युट्झेनच्या लढाईत तो मारला गेला. त्या दिवशीचा त्याचा चामड्याचा कोट शत्रूने विजयचिन्ह म्हणून व्हिएन्नाला नेला होता. पहिल्या महायुद्धानंतर स्वीडनच्या रेडक्रॉसने केलेल्या मदतीची जाण ठेवून ऑस्ट्रियाने १९२० मध्ये तो परत केला. याच संग्रहात तिसऱ्या गुस्तावचा पोशाखही आहे. १७९२ मध्ये मुखवट्यांच्या नाचात त्याला गोळी घातली गेली, तेव्हा त्याने घातलेला. हे कपडे घटनेचे साक्षीदार म्हणून ठेवले होते. ते कुणी शिवले, कापड कुठलं, कट कसा, याच्याशी ठेवणाऱ्यांना कर्तव्य नव्हतं.

सामान्यांच्या कपड्यांकडे लक्ष गेलं तेही स्वीडनमध्येच, आणि तेही हे कपडे नाहीसे होऊ लागल्यावर. आर्तुर हासेलियसने १८७२ मध्ये डालार्ना प्रांतातल्या एका गावचा घागरा मिळवला आणि तिथून त्याचा संग्रह वाढत गेला. त्याने शेतकऱ्यांचे पोशाख नुसते टांगून ठेवले नाहीत. माणसाएवढे पुतळे करून घरातला एखादा प्रसंगच उभा केला. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात या देखाव्यांनी लोकांना वेड लावलं. आजही अनेक संग्रहालयांत चुलीपाशी बसलेली पुतळ्यांची कुटुंबं दिसतात, ती याच घराण्यातली.

मोठ्या कलासंग्रहालयांनी मात्र नाक मुरडलं. कापड चालेल, कपडा नको, असा त्यांचा खाक्या होता. विणकरांना आणि कारखानदारांना नक्षीचे नमुने मिळावेत म्हणून रेशीम, जर, लेस जमा व्हायचं. त्यापायी एक चमत्कारिक प्रकारही घडला. फ्रान्झ बॉक नावाच्या जर्मन धर्मगुरूने मध्ययुगीन वस्त्रांचा प्रचंड साठा गोळा केला आणि तुकडे कापून कापून वेगवेगळ्या संग्रहालयांना विकला. लोक त्याला 'कात्रीवाला बॉक' म्हणत. एकाच झग्याचे तुकडे आज दोन-तीन शहरांत विखुरलेले सापडतात ते यामुळे. शिवलेला कपडा, त्यातही बायकांचा आणि दर मोसमात बदलणारा, हा कलेच्या दालनात शोभणारा विषयच नव्हे, अशी तेव्हाच्या पुरुष अभिरक्षकांची, म्हणजे संग्रह सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांची, खात्री होती.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचा हा विरोध १९१३ मध्ये सैल झाला, आणि तोही एका दुकानामुळे. टॅलबट ह्यूज हा चित्रकार जुन्या काळातले प्रसंग रंगवायचा आणि त्यासाठी मॉडेलना घालायला खरे जुने कपडे गोळा करायचा. त्याचा सगळा संग्रह हॅरॉड्सने विकत घेतला, ख्रिसमसच्या गर्दीत आपल्या दुकानात मांडला आणि मग म्युझियमला भेट दिला. जाहिरातही झाली, दानही झालं. फॅशनचा व्यापार आणि संग्रहालय यांचं साटंलोटं अलीकडचं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. पॅरिसमध्ये हेच काम चित्रकार मॉरिस लेल्वारच्या १९०७ च्या पोशाख-इतिहास मंडळाने केलं. त्यांनी आपला संग्रह १९२० मध्ये शहराला दिला, पण पाले गालिएरात फॅशनचं स्वतंत्र संग्रहालय व्हायला १९७७ उजाडलं.

पैशाची गोष्ट न्यूयॉर्कमध्ये सर्वांत उघडपणे दिसते. नाट्यक्षेत्रातल्या आयरीन लुइसन यांनी १९३७ मध्ये पोशाखकलेचं संग्रहालय काढलं. १९४६ मध्ये ते मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये (थोडक्यात 'मेट') विलीन झालं, पण खर्चाचा भार फॅशन व्यवसायाने उचलावा या बोलीवर. म्हणून १९४८ मध्ये प्रसिद्धितज्ज्ञ एलिनॉर लँबर्ट यांनी निधीसाठी मध्यरात्रीची मेजवानी ठेवली. तिकीट ५० डॉलर. तीच आजची मेट गाला, मेटच्या पायऱ्यांवरून तारेतारका मिरवतात ती दरवर्षीची मेजवानी. चित्रं, शिल्पं, भांडी यांच्या विभागांना जे म्युझियम पोसतं, ते कपड्यांच्या विभागाला स्वतःची सोय स्वतः बघायला लावतं. पायऱ्यांवरचा तो सगळा झगमगाट पाहताना ही सावत्र वागणूक सहसा कुणाला आठवत नाही.

आता पुतळ्यांकडे येऊ. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जुने कपडे जिवंत माणसांना घालून दाखवण्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. डोरिस लँग्ली मूर यांनी १९६३ मध्ये बाथ शहरात आपल्या संग्रहाचं संग्रहालय उघडलं. त्याआधी त्यांनी नर्तकी-अभिनेत्रींना आपल्या संग्रहातले पोशाख चढवून छायाचित्रं काढून घेतली होती. आज हे वाचून संवर्धकांच्या, म्हणजे जुन्या वस्तू टिकवण्याचं काम करणाऱ्यांच्या, अंगावर काटा येतो. पण याच बाईंनी शेकडो कपड्यांच्या कमरा टेपने मोजून, व्हिक्टोरियन बायकांच्या मुठीत मावणाऱ्या कमरेची दंतकथा खोडून काढली, हेही त्यांच्या खाती मांडायला हवं. प्रदर्शनात कपडे लहान दिसतात याचं एक साधं कारण आहे: मोठ्या मापाचा कपडा उसवून दुसऱ्या कुणाला शिवता येतो, लहान कपड्यातून काही निघत नाही. म्हणून तो पेटीत पडून राहतो आणि शेवटी काचेआड येतो.

अंगावर घालणं बंद झालं तसा पुतळ्यांचा प्रश्न ऐरणीवर आला. दुकानातल्या पुतळ्याचं अंग आजच्या मापाचं असतं. १८८० च्या कॉर्सेटसाठी (कंबर आवळणाऱ्या आतल्या वस्त्रासाठी) घडलेला कपडा त्यावर चढवला तर शिवण तरी फाटते, नाहीतर आकार तरी बिघडतो. १९७५ मध्ये मेटचं एक प्रदर्शन जपानमध्ये क्योटोला गेलं. त्यातून प्रेरणा घेऊन अंतर्वस्त्रांच्या वाकोल कंपनीने १९७८ मध्ये क्योटो कॉस्च्यूम इन्स्टिट्यूट स्थापन केली. या संस्थेने वेगवेगळ्या काळातल्या बांध्यांचे पुतळे खास घडवून घेतले आणि ते जगभरच्या संग्रहालयांत पोचले. चेहऱ्याचं त्रांगडं वेगळंच. चेहरा असला की पाहणाऱ्याची नजर आधी तिकडेच जाते. रंगवलेले ओठ-भुवया दहा वर्षांत जुनाट वाटू लागतात, आणि कातडीचा रंग कुठला द्यायचा हा वाद असतोच. डोकंच काढून टाकलं की सगळे वाद मिटतात. मला हा उपाय थोडा पळपुटा वाटतो, कारण टोपी, केशरचना, गळ्याची ठेवण यांशिवाय कित्येक पोशाखांचा तोलच कळत नाही.

अंधाराबद्दल मात्र तक्रार करू नये. प्रकाशाने झालेली झीज भरून येत नाही आणि ती साठत जाते. नाजूक वस्त्रांसाठी साधारण ५० लक्सची (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) मर्यादा पाळतात. कचेरीत याच्या सहा ते दहा पट उजेड असतो. शिवाय काही महिन्यांनी कपडा उतरवून पुन्हा कोठारात ठेवावा लागतो. सर्वांत हाल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या रेशमाचे आहेत. कच्च्या रेशमातला डिंक धुऊन काढला की वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटतं, आणि रेशीम तर वजनावर विकलं जायचं. मग व्यापाऱ्यांनी कथिलाचे क्षार मुरवून वजन भरून काढायला सुरुवात केली. कापड जड आणि सळसळतं झालं, पण आतून धागे कुजत गेले. त्या काळातले काही झगे आज घडी उलगडतानाच चिरफाळतात, तर त्यांच्याआधीच्या शतकातलं रेशीम ठणठणीत असतं.

प्रदर्शनाचा 'शो' केला तो डायना व्रीलंड यांनी. 'व्होग' या फॅशन मासिकाच्या संपादकपदावरून गेल्यावर १९७२ मध्ये त्या मेटमध्ये सल्लागार म्हणून आल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी डिझायनर बालेन्सियागाचं प्रदर्शन उभं केलं. संगीत, अत्तराचा दरवळ, नाट्यमय प्रकाश असं सगळं आलं. इतिहासकार चिडले, कारण व्रीलंडना तारखांपेक्षा दिमाख प्यारा होता. पण रांगा लागल्या. १९८५ मध्ये त्यांनी भारतातल्या संस्थानिकांच्या पोशाखांचंही मोठं प्रदर्शन केलं. खरी ठिणगी पडली ती १९८३ मध्ये, जेव्हा हयात आणि धंदा करत असलेल्या डिझायनर इव्ह सॅं लोराँचं प्रदर्शन त्यांनी लावलं. हे संग्रहालय की विक्रीचं दालन, हा सवाल तेव्हा आला. २००० मध्ये न्यूयॉर्कच्याच गुगेनहाइम म्युझियमने डिझायनर जॉर्जो अरमानी यांचं प्रदर्शन भरवलं आणि त्यांच्याकडून भरघोस देणगी मिळाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा तो दुप्पट जोराने पुन्हा आला.

आकड्यांपुढे मात्र वाद हरले. २०११ मध्ये डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीनच्या प्रदर्शनाला मेटमध्ये साडेसहा लाखांहून अधिक लोक आले. २०१५ मध्ये तेच लंडनला गेलं, तेव्हा शेवटी शेवटी रात्रभर दारं उघडी ठेवावी लागली. २०१८ च्या कॅथलिक धर्म आणि फॅशन या प्रदर्शनाने १६ लाखांचा पल्ला ओलांडला. त्यासाठी व्हॅटिकनने आपल्या कोठारातली वस्त्रं पाठवली होती. एके काळी ज्या विभागाला तळघरात जागा मिळायची, तो आता संग्रहालयाच्या तिकीटखिडकीचा आधार झाला आहे. डिझायनरच्या नावाचं प्रदर्शन हमखास चालतं, म्हणून तेच जास्त भरतं. त्यात शिवणाऱ्या हातांची नावं क्वचितच असतात.

उलट दिशेचे प्रयत्नही झाले. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टने १९९४ मध्ये रस्त्यावरच्या तरुणांच्या फॅशनचं प्रदर्शन भरवलं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९४४ नंतर थेट २०१७ मध्ये कपड्यांकडे वळून १११ वस्तू मांडल्या. त्यांत पांढरा टी-शर्ट होता, जीन्स होती, हिजाब होता आणि साडीही होती. मजुराचा रोजचा सदरा मात्र फार मागचा कुठे सापडतच नाही. तो घासून, ठिगळं लावून, शेवटी पोतेरं होऊन संपलेला असतो.

अंगावर घालण्याचा जुना वादही २०२२ मध्ये पुन्हा उफाळला. मॅरिलिन मन्रोने १९६२ मध्ये घातलेला झगा किम कार्दाशियनने मेट गालाला घातला. त्यावर आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेच्या पोशाख समितीने, ऐतिहासिक कपडे कुणीही घालू नयेत, असं जाहीरपणे बजावलं. झगा 'रिप्लीज बिलीव्ह इट ऑर नॉट!' या खाजगी कंपनीच्या मालकीचा होता, त्यामुळे समितीच्या हाती बजावण्यापलीकडे काही नव्हतं.

साडीपुढे तर हे सगळे नियम अडखळतात. युरोपीय कपडे पोशाख विभागात आणि आशियातले, आफ्रिकेतले कपडे वस्त्र किंवा मानववंश विभागात, अशी वाटणी बराच काळ चालली. फॅशन फक्त पहिल्यांची, दुसऱ्यांची ती परंपरा, असा त्यामागचा समज. लंडनच्या डिझाइन म्युझियमने २०२३ मध्ये समकालीन साड्यांचं प्रदर्शन लावून त्याला छेद दिला. पण झगा पुतळ्यावरून उतरवला तरी झगाच राहतो. साडी उतरवली की कोठारात जाते ती लांबलचक पट्टी, निऱ्या कुणी आणि कशा घातल्या होत्या याचा मागमूस न ठेवता. म्हणून आता काही ठिकाणी नेसवण्याची चित्रफीतही वस्त्राइतक्याच काळजीने जपायला सुरुवात झाली आहे, आणि नेसवणाऱ्या व्यक्तीला पुतळा सजवायला मुद्दाम बोलावलं जातं.